पाठीमागची फुली

रिकामं पिंप उलटं घालून त्यावर बसवलं तिनं मला.
तासाला सहा पेन्स.
मी एकोणीस वर्षांची, हेरिंगचा हंगाम,
बेरिकच्या धक्क्यावर सकाळपासून मासे चिरून आलेली.
केस विंचरले होते, मॅगीची वासाची वडी लावून
कोपरापर्यंत हात घासले होते.
ती म्हणाली, बोटांच्या चिंध्या का सोडल्यास? बांध परत.
आणि बोलायचं नाही. ऐकलंस तरी चालेल.

मग हेस्टर ऑर्ड रंगवत राहिली
आणि सांगत राहिली, भिंतीला सांगावं तसं.

बापाचं धुरीघर होतं. ओकचा कोळसा फुकट,
खोक्यांची झाकणं फुकट.
पहिली चित्रं त्यावरच, आणि बापानं ती
माशांवर ठोकून लीड्सला पाठवून दिली.
"माझं पहिलं प्रदर्शन," ती म्हणाली. हसली नाही.

लंडनच्या शाळेत मुलींचा वर्ग वेगळा.
पुरुष मॉडेल यायचा तो चड्डीवर पंचा,
पंच्यावर चामडी पट्टा अशा बंदोबस्तात.
"सोळाजणी आम्ही, नऊ आठवडे पंचा काढला.
कापडाच्या घड्या माझ्याइतक्या बऱ्या
अजून कुणाला जमत नाहीत."

नवरा प्रोफेसर. त्याचं एक चित्र गाजलं,
'पत्नी, वाचताना'.
हातात पुस्तक नव्हतंच. कोळशाचं बिल होतं,
आणि ती बेरीज तिसऱ्यांदा करत होती.

चित्रांवर सही एच. ऑर्ड.
एका टीकाकारानं लिहिलं, या गृहस्थाचा हात मर्दानी आहे.
तिनं त्याला आभाराचं पत्र लिहिलं,
खाली पूर्ण नाव.
पुन्हा त्यानं तिच्यावर ओळ लिहिली नाही.

अकादमीनं तीनदा परत पाठवलं.
नापास चित्राच्या पाठीवर खडूनं फुली मारतात, म्हणाली.
आणि युद्धात त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर,
खेळण्याएवढ्या जहाजांवर तिनं काळेपांढरे पट्टे ओढले,
शत्रूला कळू नये जहाज कुठल्या दिशेला चाललंय.
"हे शिकवावं लागलं नाही," ती म्हणाली. "मान हलवू नकोस."

सात दिवस. पाठीला रग लागली,
तरी मनात एकच, कशी दिसतेय मी.
एकदा विचारलंच, चांदीचा रंग कुठाय? मासा चांदीचा असतो.
ती म्हणाली, नसतो. तिसऱ्या दिवशीचा मुका मार बघितलायस?
तो हिरवा, तो जांभळा, त्यात थोडं दूध.
मी बघितला होता. घरीच.
ती एवढंच म्हणाली, हो, मला वाटलंच.
आणि ब्रश धुवायला उठली.

आठव्या दिवशी चित्र दाखवलं.
हात. हातच हात.
चिंध्यांच्या घड्या, मिठानं फाटलेली नखं,
अंगठ्याखालची ती सुरीची जुनी खूण.
चेहरा म्हणाल तर दोन फटकारे,
वासाच्या वडीचा कुठे पत्ताच नाही.
मी पैसे घेतले आणि उलटून बोलले नाही,
धक्क्यावर मात महिनाभर तिला नावं ठेवली.

बासष्ट साली ती गेली.
चर्चच्या हॉलमध्ये लिलाव. गालिचे आधी, मग भांडी,
चित्रं चहा संपल्यावर.
प्रोफेसराची तीन लंडनचा माणूस घेऊन गेला.
माझे हात चार पौंडांना, शिवाय चौकटीचे दहा शिलिंग.
नवऱ्याला सांगितलं, भिंतीला ओल आलीय, झाकायला.

घरी आणून उलटं केलं तेव्हा दिसली
मागच्या फळीवर खडूची फुली,
मोठी, घाईघाईत मारलेली.
म्हणजे माझे हात लंडनला जाऊन आले होते.
मी कधी न्यूकॅसलच्या खाली उतरले नाही.

आता बोटं वळत नाहीत, सुई ओवायला नात लागते.
ती चित्राकडे बघून विचारते, ही कोण?
मी म्हणते, ओळखीची होती एक.

शनिवारी समोरून धूळ पुसते, ओल्या फडक्यानं.
मागून पुसत नाही.